सव्वीस आज्यांचे केस

आत्याचे केस कापलेत हे मला कुणी कळवलं नव्हतं. दुधीची खीर डब्यात घेऊन मी नेहमीच्या वेळेला पिरंगुटच्या वृद्धसेवा केंद्रात गेले, तर खिडकीजवळच्या कॉटवर ती उशीला टेकून बसलेली आणि डोक्यावर बोटाच्या पेराएवढे करडे केस उभे. एका कानामागे मशीन लागून ओरखडा उठला होता, त्यावर कुणीतरी पिवळं मलम फासलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तिनेच तळहात डोक्यावरून मागून पुढे फिरवला आणि म्हणाली, "माझी मुंज झाली गं. भिक्षावळीला काय आणलंस?" शेजारच्या आजी खुदकन हसल्या. मीही हसले. खीर भरवता भरवता सहज खोलीभर नजर गेली, तर सहाच्या सहा डोकी तशीच. बहुधा एकाच सकाळी, एकाच मशीनने.

पिरंगुटहून परत येताना भूगावच्या गर्दीत गाडी बराच वेळ जागची हलली नाही, तेवढ्यात ते हसू पार उतरलं. तसं बघायला गेलं तर तक्रार करण्यासारखं काय होतं? डोकं स्वच्छ होतं, उन्हाळा तोंडावर आला होता, आणि जिचे केस गेले ती स्वतः मजेत होती. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, ती तिथल्या भिंतीवर लावलेलीही आहे. पण फोन करून सांगायचं काय? आत्याचे केस कापले आणि आत्या हसली?

आमच्या घरात केसांना इतिहास आहे, हे त्या केंद्रातल्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. माझी पणजी आलवणातली, केशवपन झालेली विधवा. आत्या लहान असताना वाईच्या वाड्यात मागच्या दाराने न्हावी यायचा, आणि तो आला की पोरांना पुढच्या अंगणात पिटाळलं जायचं. मुंबईतल्या न्हाव्यांनी १८९० मध्येच, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला होता. ते वारं वाईच्या त्या मागच्या दारापर्यंत पोचायला पुढची साठ वर्षं गेली. आत्याला वैधव्य आलं तेव्हा काळ बदलला होता, वस्तऱ्याचा प्रश्नच नव्हता. पण "आता फुलं कशाला" म्हणणारी माणसं होतीच. ती सातारला शाळेत शिकवायची. तेराव्यानंतर पहिल्यांदा शाळेत गेली ती मोगऱ्याचा गजरा माळून, आणि त्यावर कुणाशी काही बोलली नाही. रविवारी शिकेकाईने न्हाऊन गच्चीत केस वाळवत बसायची, तेव्हा मी मागे बसून गुंता सोडवायचे. पांढरे झाले, विरळ झाले, तरी खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन होईपर्यंत अंबाडा तिचा तीच घालायची.

तर अशा डोक्यावरून कुणीतरी न विचारता मशीन फिरवलं.

न विचारता नव्हे, असं मॅनेजरचं म्हणणं. तिशीतला मुलगा आहे, हॉस्पिटल मॅनेजमेंटचा कोर्स केलेला, नम्र. "विचारलं होतं मॅडम, आजी हो म्हणाल्या." मी म्हटलं, ती हल्ली सगळ्यालाच हो म्हणते, चहा हवा का विचारलं तरी आणि नको ना विचारलं तरी. तो मान हलवून म्हणाला, ते खरंय. मग त्याने मोबाइल काढला आणि कॅल्क्युलेटरवर मला हिशोब करून दाखवला. एका आजींचे केस तेल लावून, गुंता काढून, वेणी घालून व्हायला दहा मिनिटं. या मजल्यावर आज्या सव्वीस. दोनशे साठ मिनिटं. म्हणजे सकाळच्या पाळीचे सव्वाचार तासांच्या वर एका मावशीने फक्त केसच विंचरायचे. शिवाय दोघींना उवा झालेल्या, पडून पडून एकीच्या डोक्याला मागच्या बाजूला चट्टा पडायला लागलेला, तो केसांत दिसला नव्हता. "तुम्हीच सांगा मॅडम, काय करायला पाहिजे होतं?"

मला राग आला होता, पण त्याचा हिशोब चुकला नव्हता.

ही जागा आम्ही निवडली तेव्हा काय काय बघितलं होतं ते आठवतंय. अकरा वाजता बोलावलं होतं. फरशी लख्ख, जिन्याला रॅम्प, अंगणात तुळस आणि गणपतीचं छोटं देऊळ, भिंतीवर आठवड्याचा मेन्यू (बुधवारी थालीपीठ, ते मऊ करून देतात), जनरेटर, ऑक्सिजन सिलिंडर, सीसीटीव्ही, आणि तो सीसीटीव्ही मोबाइलवर बघता येईल असं ॲप. वास नव्हता, हे तर आम्ही एकमेकांना दोनदा सांगितलं. डिपॉझिट, महिन्याचे पैसे, डायपर-औषधं वेगळी. न्यू जर्सीहून आतेभाऊ व्हिडिओ कॉलवर होता, त्यालाही मी फोन हातात धरून सगळं फिरवून दाखवलं. आता वाटतं, त्यातली एकूण एक वस्तू आमच्यासाठी होती. पडून असलेल्या माणसाला फरशी दिसत नाही, छत दिसतं. वासाचं म्हणाल तर वास अकराला कुठेच नसतो. लादी पुसून झालेली असते, अंघोळी आटपलेल्या असतात. दुपारी चार-साडेचारला जावं. जेवणानंतरचे डायपर तेव्हा बदलले गेलेत की पाळी बदलायची वाट बघतायत, ते जिन्यातच कळतं.

दादाला, म्हणजे आतेभावाला, एक गोष्ट पटतच नाही: इथे रेटिंग कसं नाही? त्याच्या सासूबाई तिकडे नर्सिंग होममध्ये होत्या, तेव्हा त्याने घरबसल्या सरकारी वेबसाइटवर त्या जागेचे तारे बघितले होते. तिकडे २००८ पासून एक ते पाच तारे मिळतात: तपासणीत काय सापडलं, माणसं किती आहेत, रुग्णांची स्थिती कशी आहे, यावरून. वहिनी तिथल्या एका हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात आहे. तिने मला अवेदिस डोनाबेडियन या माणसाबद्दल सांगितलं. बैरुतला जन्मलेला आर्मेनियन डॉक्टर, नंतर अमेरिकेत प्राध्यापक. आरोग्यसेवा चांगली की वाईट हे तीन बाजूंनी बघायचं, असं त्याने १९६६ मध्ये लिहून ठेवलं: तुमच्याकडे आहे काय, तुम्ही करता काय, आणि त्यातून माणसाचं होतं काय. जगभर अजून तीच विभागणी वापरतात म्हणे. मला ती ऐकता क्षणी पटली, कारण आम्ही ॲप आणि जनरेटर बघून पहिल्याच बाजूपाशी थांबलो होतो. पण तीच वहिनी पुढे हसत म्हणाली की ताऱ्यांवर फार जाऊ नकोस. कितीतरी वर्षं माणसं किती कामाला आहेत ते नर्सिंग होमवाले स्वतःच लिहून द्यायचे, आणि तपासणीच्या सुमाराला ती माणसं बरोब्बर वाढलेली असायची. शेवटी सरकारने पगारपत्रकावरून आकडे घ्यायला सुरुवात केली. २०१८ पासून तारे त्यावर ठरतात. २०२२ पासून तर वर्षभरात किती जण काम सोडून गेले तेही मोजतात.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचा किंवा अपेंडिक्सचा छोटा दवाखाना, त्याच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात दर जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्यांनी काढावा म्हटलंय. आत्या निराधार नाही आणि बाळंतीणही नाही. तिच्यासारख्या, पैसे भरणारं कुणीतरी असलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सोय बंगल्यांमध्ये, फार्महाउसमध्ये, बंद पडलेल्या मंगल कार्यालयांमध्ये होते आहे. २०११ च्या जनगणनेतच आपल्या राज्यात साठीच्या पुढची माणसं शंभरात जवळपास दहा होती, त्याला आता किती वर्षं झाली. आणि तारे म्हणाल तर गूगलवर आहेत. या केंद्राला चार पूर्णांक सात. देणारे आम्हीच, पहिल्या महिन्यात, घरी पहिल्यांदा सलग झोप लागल्याच्या आनंदात.

माझं बघणं बदललं ते आत्याला ताप आला त्या रात्री. एरवी नातेवाइकांना मुक्काम करू देत नाहीत, त्या दिवशी दिलं. मजल्यावर एक सिस्टर आणि दोन मावशी. एक नांदेडकडची, विशीतली. दुसरी वेल्ह्याची, पन्नाशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली. सव्वीसपैकी नऊ जणी पूर्ण अंथरुणात. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, हे आता कुठल्याही घरात माहीत असतं. हवेची गादी असली तरी बदलायची असते. बाराच्या सुमाराला दोघी निघाल्या. मी बघत होते. अंगाखालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी गुंडाळून धरायची, "एक, दोन, हां" म्हणून माणूस बाजूला सरकवायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे टाच अधांतरी राहते. डायपर उघडायचं, पुसायचं, कोरडं करायचं, नवीन लावायचं. चादरीला सुरकुती राहिली तर हाताने ताणून काढायची. हे सगळं करताना दोघींचं बोलणं भिशीवर चाललं होतं, कुणी तरी दोन हप्ते बुडवून गावाला पळाली होती. हात एका क्षणासाठी थांबत नव्हते. एका बाईला दहा मिनिटं लागली. दुसरीलाही तेवढीच. नऊ जणींचे दीड तास झाले आणि पुढच्या फेरीला अर्धा तास उरला.

त्या अर्ध्या तासात काय काय होतं म्हणून सांगू. एक आजी उठून दाराकडे चालल्या, त्यांना फलटणची एसटी पकडायची होती. एकीला उलटी झाली, अंथरूण सगळं बदलावं लागलं. कोपऱ्यातल्या एक जणी "अहो, कोणी आहे का" असं रात्रभर पुकारतात. पहिल्या हाकेला मी धावले, मग सिस्टरने सांगितलं की त्यांना काही नको असतं, आणि पहाटेपर्यंत मलाही ती हाक ऐकू येईनाशी झाली. दोनची फेरी सव्वातीनला सुरू झाली. चारची झालीच नाही. साडेचारला मी आत्याच्या पायाशी लटकवलेला तक्ता उचलून बघितला. त्यावर दहा, बारा, दोन, चार, सहा, सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण आणि पुढे सही. सहा वाजायला दीड तास होता.

वेल्ह्याच्या मावशींनी मला बघताना बघितलं. पेन कानामागे खोचत म्हणाल्या, "कागद अपुरा राह्यला की दंड बसतो, ताई." आणि गुडघा धरून पुढच्या कॉटकडे गेल्या.

यातली गंमत अशी की तो तक्ता आत्या रोज तपासते. शाळेची सवय. नांदेडची पोरगी तिला बाई म्हणते आणि तक्ता लिहून झाला की मुद्दाम तिच्यासमोर धरते. आत्या चष्मा नाकावर ओढून बघते. "'कुशी'तली शी दीर्घ लिही. डावी, उजवी. वी दुसरी." पोरगी खोडून परत लिहिते. एकदा तर "शाबास" म्हणून आत्याने कोपऱ्यात सही केली, सातारच्या शाळेतली, वळणदार, खाली दोन टिंबं दिलेली. म्हणजे खोट्या तक्त्यावर शुद्धलेखन मात्र बिनचूक.

त्या रात्रीनंतर मी तक्ता बघणं सोडलं आणि टाचा बघायला लागले. एका फिजिओथेरपिस्टने शिकवलं: टाचेवर, माकडहाडावर, खुब्यावर लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचं. दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. लालचा लालच राहिला तर आत जखम सुरू झालेली असते, वर कातडी शाबूत असली तरी. (सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम लागतं का, टणक लागतं का ते बघावं लागतं.) ही टाच खोटं लिहीत नाही. बांगडीही नाही. आत्याच्या हातात एक प्लास्टिकची बांगडी आहे, सोनं ठेवू देत नाहीत. ती बांगडी मनगटावर असायची, मध्यंतरी थेट कोपरापर्यंत सरकायला लागली, तेव्हा मी वजन विचारलं. वजनाचा काटा होता, पण उभं राहू शकणाऱ्यांसाठी. मग पाण्याचा पेला. प्रत्येक कॉटशेजारी भरलेला पेला, वर झाकणी, बघायला इतकं छान वाटतं. संध्याकाळीही तो तेवढाच भरलेला असला की समजायचं. पेला हाताच्या टप्प्यात आहे का, आणि असला तरी तो उचलण्याइतकी ताकद त्या हातात आहे का, हे स्वच्छतेच्या आड लपून जातं.

पण सगळ्यात जास्त कळतं ते जेवताना. दुपारी बारा-साडेबाराला मऊ भात आणि वरण येतं. एक जण उभी राहून तीन कॉटच्या मध्ये फिरते, एक घास इकडे, एक तिकडे. गिळून झाला की नाही ते बघायला वेळ नसतो, ठसका लागला की पाठीवर थाप. नांदेडची पोरगी स्टूल ओढून बसते. तिचे डोळे आत्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. चमचा अर्धाच भरते, ओठाला टेकवते आणि थांबते. आत्या तोंड उघडेपर्यंत थांबते. मग गळ्याकडे बघते, घोट उतरला की पुढचा. मधल्या वेळात आत्या तिच्याकडून पावकी, म्हणजे पावचा पाढा, म्हणून घेते. पोरीला येत नाही, ती चुकते, आत्या रागावते, आणि त्या रागात एक घास जास्त जातो. वाटीभर भाताला पंचवीस मिनिटं. मी तिथे उभी राहून खाऊ घालताना आत्या चार घासांत मान फिरवते. माझ्यावर रागवावं असं माझ्यात तिला काही सापडत नसावं. मला त्या पोरीचा हेवा वाटला, आणि सहाच जणींच्या खोलीत ती आत्यापाशी पंचवीस मिनिटं बसली म्हणजे बाकी पाच जणींचं काय झालं, हा विचार मी लगेच बाजूला सारला. तो अजून तिथेच आहे.

अशा जागांमध्ये मला हल्ली शांततेची भीती वाटते. आत्यासाठी आम्ही आणखी एक केंद्र बघितलं होतं, जास्त महागडं. सकाळी अकरा वाजता तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल. सगळ्या जणी पाठीवर, हात बाहेर, डोळे मिटलेले, चादरी ताणलेल्या. बरोबर आलेले काका भारावून म्हणाले, किती शांत आहे. पण अकराला बावीस म्हातारी माणसं एकदम झोपत नाहीत. झोपवली जातात. एकीच्या मनगटाला गॉजपट्टी सैलशी बांधून कॉटच्या कठड्याला अडकवली होती. नाकातली नळी ओढतात म्हणून, असं सांगितलं गेलं, आणि तेही खरंच असेल; राइल्स ट्यूब रात्री दोनला ओढून काढली तर परत घालायला डॉक्टर कुठून आणायचा? अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने ठरवलं की कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला बांधायचं नाही, दोरीनेही नाही आणि गोळीनेही नाही. तरी २०१५ मध्ये गुंगी आणणाऱ्या या मनोविकारावरच्या गोळ्या किती जणांना दिल्या जातात ते त्यांना ताऱ्यांमध्ये घ्यावं लागलं, म्हणजे कायद्यानंतरही ते चालूच होतं. सोय ही मोठी चिवट गोष्ट आहे. आमच्या केंद्रात गोंधळ असतो, भांडणं असतात, टीव्हीवरून दोन आज्यांमध्ये अबोला असतो. मी तेच पसंत केलं, आणि तिथेच केस कापले गेले.

केसांबद्दल मी लेखी तक्रार दिली. परिणाम झाला. महिन्याभरात प्रत्येक नातेवाइकाला एक संमतीपत्र आलं: केस, नखं, फोटो, सणाला मेंदी, व्हिडिओ कॉल. प्रत्येकापुढे हो की नाही. व्हिडिओ कॉलच्या आधी आत्याला पावडर लावतात आणि बरा गाऊन घालतात, हे मला माहीत आहे. दादाला तिकडून ती नेहमी टवटवीत दिसते. त्याने सगळ्यावर हो केलं. मी केसांपुढे नाही लिहिलं आणि पेन हातात धरून बसले. नाही म्हटलं, तर ती दहा मिनिटं कुणाच्या वाटणीची? आत्याच्या वेणीची दहा मिनिटं शेजारच्या आजींच्या टाचेतून येणार असतील, तर ती मी घ्यायची का? आत्याला विचारलं. डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "वाढू दे. मुंजीनंतर शेंडी ठेवतात." म्हणजे हो की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नाही तसंच ठेवलंय.

मधल्या काळात नांदेडची पोरगी गेली. बाणेरला कुणाच्या तरी घरी चोवीस तासांची बाई म्हणून, महिना चार हजार जास्त. जाताना आत्याच्या पाया पडली. आत्याने दोन दिवस धड जेवण घेतलं नाही, तिसऱ्या दिवशी नवीन आलेल्या मुलीला विचारलं, "तुला पावकी येते का?" त्या पोरीने सिस्टरकडे बघितलं.

मग मी मॅनेजरला गाठून केसांचा विषय बाजूला ठेवला आणि माणसांचा काढला. मावशींना काय देता, सुट्टी किती, एक जण आजारी पडली तर बदली कोण येतं, वर्षात किती जणी सोडून गेल्या. त्याने आधी टाळलं, मग दार लोटून घेतलं आणि सांगितलं. रात्री आणखी दोन मावशी ठेवायच्या तर सुट्टीची बदली धरून तिघी लागतील, एकीला सोळा हजार, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. सव्वीस जणींत वाटले तर माणशी दोन हजारांच्या आत. "पण मॅडम, मी दर वाढवला की चार जण पेशंट हलवतात. शेजारी दोन नवीन निघालीत. फरशी त्यांची जास्त चांगली आहे." तो विनोद करत नव्हता.

म्हणून मीच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. तक्त्याचं लिहिलं नाही, वेल्ह्याच्या मावशींचा पगार कापला गेला असता. फक्त हिशोब लिहिला: नऊ जणी, दहा मिनिटं, दोन तास, दोन मावशी. दोन हजार जास्त द्यायची तयारी आहे का, रविवारपर्यंत कळवा. दादाचं उत्तर मिनिटभरात आलं, हो, आणि पावती जीएसटीसह मिळेल का. एकांनी लिहिलं, आमच्या आईला रात्री काही लागत नाही, ती शांत झोपते. एकांनी आधीच्या वाढीचा हिशोब मागितला, आणि तो मागायला हवाच होता. एका ताईंनी मला वेगळा फोन करून, या महिन्यात नाही जमणार हो, मुलीची फी आहे, असं सांगितलं आणि खूप वेळ बोलत राहिल्या, त्यांच्या आईचेही केस त्या दिवशी कापले गेले होते. दोन आज्यांचं ग्रुपवर कुणीच नाही, त्यांचे पैसे कुठून येतात मला ठाऊक नाही. आज शुक्रवार. चोवीसपैकी सतरा जणांनी मेसेज वाचलाय, हो आठ जणांचं आलंय, आणि चौघांनी नुसते हात जोडलेत.